कडी नसलेला दरवाजा

मित्रांनो, दरवाजा म्हटला की त्याच्या मागे एखादी खोली असावी, निदान ओसरी तरी. मी जुना, पाइनच्या लाकडाचा दरवाजा आहे, आणि माझ्या आयुष्यातली एकोणीस वर्षं माझ्या मागे काहीही नव्हतं. मला उघडलं की पलीकडे तीच फरशी, तोच दिवा आणि खडीने भरलेली एक पेटी. तरीही त्या एकोणीस वर्षांत माझ्यातून जितकी माणसं आत-बाहेर गेली, तितकी एखाद्या राजवाड्याच्या दरवाजातूनही गेली नसतील. मी तुरुंगाचा दरवाजा झालो, न्यायालयाचा झालो, दारूच्या गुत्त्याचा झालो. विधवा बाईच्या झोपडीचा झालो, बँकेचाही झालो. दर शनिवारी अर्धा तास मी एकटा म्हणजे अख्खं गाव असे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाईही आहे. म्हाताऱ्या लाकडाला तेवढी शोभते.

माझा जन्म ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाला, टर्की फोर्ड नावाच्या वस्तीत झाला. तिथे एझ्रा टॅकेट नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांना सगळे एल्डर टॅकेट म्हणत. आठवडाभर ते शेतात राबत आणि रविवारी उपदेश करत. त्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून एक छोटं प्रार्थनाघर उभारलं आणि त्याला मला बसवलं. लोहाराने माझ्यासाठी दोन बिजागऱ्या घडवल्या आणि तो कडीही घडवायला निघाला, तेव्हा एल्डरनी त्याचा हात धरला.

"कडी नको, ब्रदर."

"अहो एल्डर, वारा आहे, कोल्हे आहेत, भुरटे चोर आहेत!"

"आत चोरण्यासारखं काय आहे? दोन बाक, पाण्याची बादली आणि मी. मला कुणी चोरून नेलं तर माझी बायको तुला बक्षीस देईल. देवाच्या घराला कडी नसते."

अशा रीतीने मी कडीशिवाय मोठा झालो. आणि मित्रांनो, माझं भाग्य काय वर्णावं! दर रविवारी मी एल्डर टॅकेटांचा उपदेश ऐकला. तो नुसता उपदेश नव्हता, ते गाणं होतं. आमच्या पंथात वाद्य चालत नसे. पेटी नाही, तंतुवाद्य नाही, काही नाही. एल्डर आधी साधं बोलायला लागत. पाऊसपाणी, गुरंढोरं, शेजाऱ्याशी झालेली बाचाबाची. बोलता बोलता त्यांचा आवाज चढे, वाक्यांना ताल येई, प्रत्येक ओळीच्या शेवटी ते "हाऽ" असा श्वास टाकत, आणि मग बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं ते कुणालाच सांगता येत नसे. माणसं बाकांवर डुलायला लागत. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत. एकदा का रंग चढला, की दुपारची जेवणं कुणाला आठवत नसत.

आता तुम्ही विचाराल, वाद्य नाही तर सूर कुठून? तो मी देत असे! माझ्या खालच्या बिजागरीला जन्मापासूनच एक खोड होती. उघडताना ती आधी खाली आणि मग वर, अशी दोन पायऱ्यांची करकरे. शेवटचा माणूस आत आला की एल्डर डोळे मिटून माझी करकर ऐकत आणि तिच्या वरच्या पायरीवरून आपला सूर उचलत. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी दुपारभर वाऱ्यालासुद्धा हललो नाही. त्यांच्या गाण्यातली पहिली जागा माझी होती.

एकोणीसशे एकोणीसच्या उन्हाळ्यातला एक रविवार मी कधीच विसरणार नाही. उपदेश ऐन रंगात आलेला असताना ग्रब नावाचा एक मजूर धावत आत शिरला आणि पहिल्या बाकाखाली कोसळला. त्याच्यामागे चौदा माणसं, एकाच्या हातात दोर. खेचरं चोरल्याचा आळ होता त्याच्यावर. आमच्याकडे त्या काळी न्यायाधीश तीन दिवसांच्या वाटेवर आणि झाड मात्र अंगणात. लोक झाडाकडेच वळत.

आतल्या माणसांनी मला ढकलून बंद केलं आणि चौघं पाठ लावून उभे राहिले. एल्डर खाली उतरून आले. म्हणाले, "सरका." सरकले ते. एल्डरनी स्वतःच्या हाताने मला सताड उघडलं. मी करकरलो. त्यांनी तो सूर धरला आणि दारातल्या चौदा माणसांकडे बघून गायला लागले:

"पळत आलास ना, ये आत, हाऽ!
पाठलाग करत आलास, तूही ये, हाऽ!
दोघांच्या छातीत एकच भाता, हाऽ!
दोघांची तहान एका बादलीची, हाऽ!
टोप्या काढा, खाली बसा, हाऽ!
देवाच्या घराला कडी नाही, हाऽ!"

दोरवाला माणूस उंबऱ्यावर घोटाळला. मग त्याने टोपी काढली. सवयच ती. आत आलं की टोपी काढायची. टोपी एका हातात, दोर दुसऱ्या हातात, आणि वर एल्डरच्या पोराने, सोळा वर्षांच्या ऑरव्हिलने, पाण्याचा डाव पुढे केलेला. तिन्ही गोष्टी काही धरता येईनात. त्याने दोर खाली ठेवला.

एल्डर तीन तास गायले. संध्याकाळी जिल्ह्याचा शेरीफ आला आणि ग्रबला रीतसर घेऊन गेला. चौथ्या दिवशी खेचरं नदीकाठी चरताना सापडली. मी तेव्हा एक गोष्ट शिकलो. दरवाजाने माणसाला वाचवायचं असेल तर नुसतं बंद राहून भागत नाही.

पुढे धुळीची वर्षं आली. शेतं उडून गेली, माणसं कॅलिफोर्नियाकडे निघून गेली, आणि एका वादळात प्रार्थनाघराचं छप्पर बसलं. ऑरव्हिलने मला बिजागऱ्यांसकट उतरवून मोटारीच्या टपावर बांधलं. पुढच्या सीटवर एल्डर, मागे बहीण व्हेल्मा आणि भांडीकुंडी. "तिकडे नवं प्रार्थनाघर उभारू आणि पहिल्यांदा हाच बसवू," एल्डर वाटभर म्हणत होते.

तिकडे आधी कापसाची वेचणी आली. प्रार्थनाघर राहूनच गेलं. दोन वर्षं मी तंबूमागे पडून होतो. ऑरव्हिलला लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर काम मिळालं, ध्वनी-परिणामांचं. म्हणजे काय, तर करवंट्या खडीवर आपटून घोडे पळवायचे, चामड्याचा पट्टा पिळून खोगीर करकरवायचं, कोरडा पाला मुठीत चुरगाळून वणवा पेटवायचा. त्यांना एक खराखुरा दरवाजा हवा होता. "चार दिवसांसाठी नेतो," म्हणाला ऑरव्हिल. मला चार बोटं कापलं, चाकांच्या चौकटीत बसवलं आणि मला एक जाड लोखंडी सरकती कडी ठोकली. काय करणार? आमचा कार्यक्रम होता 'ड्राय फोर्कचा मार्शल'. सरहद्दीवरचं एक गाव, तिथला कायदा सांभाळणारा मार्शल, दर आठवड्याला एक गुन्हा आणि एक न्याय. तुरुंग म्हटला की कडी आलीच.

एल्डरना हे कुणाकडून तरी कळलं. ते शंभर मैल बसने आले, मला पाहिलं, कडीवर हात ठेवला.

"देवाच्या घराचा दरवाजा तू गोळीबाराला दिलास," ते म्हणाले. "आणि वर त्याला कडी लावलीस?"

"बाबा, यात शेवटी न्यायच जिंकतो. ऐका तरी एकदा."

"मी काय ऐकायचं ते माझं मी ठरवतो."

ते गेले आणि नऊ वर्षं ऑरव्हिलशी बोलले नाहीत. दर नाताळला तो व्हेल्माकडे जाई. तो दारातून आत आला की म्हातारा उठून मागच्या अंगणात जाऊन बसे.

मित्रांनो, खरं सांगू? मला त्या कामाचा अभिमानच वाटत होता, आणि आजही वाटतो. लाखो घरांत माणसं जेवणं उरकून दिवे मंद करून बसत, आणि मी करकरलो की त्यांच्या अंगावर काटा येई. कॅन्ससमधल्या एका मुलीने पत्रात लिहिलं होतं, "तुमच्या तुरुंगाचा दरवाजा माझ्या ओळखीचा झालाय. तो उघडला की कोण आलं ते मला आधीच कळतं." ऑरव्हिलने ते पत्र माझ्या मागच्या बाजूला चिकटवलं. पण त्याच बाजूला कडीचे चार स्क्रू होते, आणि ते रात्रंदिवस टोचत.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या वसंतात व्हेल्माचं पत्र आलं. ऑरव्हिलने ते स्टुडिओतच वाचलं. केंद्राची झाडलोट करणाऱ्या युलालिया माँतेस बाई तेव्हा फरशी पुसत होत्या.

"वाईट बातमी?" त्यांनी विचारलं.

"बाबांची नजर गेली, बाई. हृदयही दमलंय. पण व्हेल्मा म्हणते, बाबा या शनिवारी कार्यक्रम ऐकणार आहेत. म्हणाले, माझ्या दरवाजाचं काय केलंय ते एकदा ऐकतो, एकदाच, मग तो विषय संपला."

"म्हणजे एकच संधी."

"एकच."

"मग तुम्ही घाबरा," युलालियाबाई म्हणाल्या. "मी मेणबत्ती लावते. दोघांनी कामं वाटून घेऊ."

त्या शनिवारची कथा नेमकी जमावाची होती. खुनाचा आरोप असलेला एक तरुण तुरुंगात असतो, बाहेर गाव दोर घेऊन येतं, मार्शल मला कडी लावतो, जमाव मला धडका देतो आणि मार्शल माझ्यातून बंदूक झाडून त्यांना पिटाळतो. मी सबंध भागात फक्त त्या शेवटच्या प्रवेशात होतो. सकाळी तालीम उत्तम झाली. दुपारी ऑरव्हिल दोन घास खायला बाहेर गेला.

आणि युलालियाबाई शिवणयंत्राच्या तेलाची बुधली घेऊन आल्या.

"नऊ वर्षं कुरकुरतोयस बिचारा," त्या मला म्हणाल्या. "कुणाला दया नाही. आज तुझे आजोबा ऐकणार आहेत, आणि तू असा म्हाताऱ्या गाढवासारखा ओरडणार? ये, तुला नीट करते." त्यांनी दोन्ही बिजागऱ्यांत तेल सोडलं, कडीत सोडलं, उरलेलं फडक्याने पुसलं आणि मला दोनदा हलवून पाहिलं. अगदी लोण्यासारखा मी हललो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कुठल्याही घरात याला माया म्हणतात. फक्त आमच्या त्या एका खोलीत ते अरिष्ट होतं, कारण तिथे मला आवाजासाठीच ठेवलेलं होतं.

आमचा देश इतका रुंद, की पूर्वेकडे जेवणं उरकतात तेव्हा आमच्याकडे अजून ऊन असतं. म्हणून तेच नाटक आम्ही दोनदा करत असू, दोन्ही वेळा थेट. साडेचारला पूर्वेसाठी आणि साडेसातला आमच्या पश्चिमेसाठी. एल्डर ऐकणार होते ते साडेसातचं.

साडेचारचा प्रयोग सुरू झाला. मार्शलचं काम करणारा लाइल ब्रँडव्होल्ड धिप्पाड आवाजाचा आणि किडकिडीत देहाचा गृहस्थ होता. शेवटचा प्रवेश आला. "हा दरवाजा आज उघडणार नाही!" तो गरजला. ऑरव्हिलने कडी सरकवली. ती बसली, पण आवाजच नाही. ऑरव्हिलच्या भुवया वर गेल्या. जमाव ओरडू लागला. चौघं नट चाळीस जणांचा कल्लोळ करत होते. ऑरव्हिलने ठरल्याप्रमाणे मला मुठींनी आणि गुडघ्याने धडका द्यायला सुरुवात केली. पहिली, दुसरी. तिसऱ्या धडकेला तेल प्यालेली कडी 'खट्ट' करून मागे सरकली आणि मी करकर न करता भर्रकन उघडलो आणि खडीच्या पेटीवर धाडकन आदळलो.

अटलांटिकपासून डोंगरांपर्यंत सगळ्या देशाने ऐकलं. दरवाजा उघडला.

चौघं नट ओरडता ओरडता थांबले. ब्रँडव्होल्ड हातातल्या संहितेकडे बघत राहिला. उघडलेल्या दरवाजासाठी तिच्यात एकही वाक्य नव्हतं. काचेपलीकडे दिग्दर्शक प्रुइट दोन्ही हात डोक्याला लावून उभे. रेडिओवर पाच सेकंद शांतता म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच माहीत.

ऑरव्हिलने कानामागची पेन्सिल काढली, कागदाच्या पाठीवर भराभरा काहीतरी खरडलं आणि ब्रँडव्होल्डच्या नाकासमोर धरलं. ब्रँडव्होल्डने ते वाचलं आणि तो सावकाश म्हणाला:

"दरवाजा मी उघडलाय. या आत. पण आधी टोप्या काढा."

मी शहारलो. सत्तावीस वर्षांनी मी ते शब्द ऐकत होतो!

पुढे कसंबसं सगळ्यांनी सावरलं. जमाव ओशाळतो, परत फिरतो. पण बंदूक झाडलीच नव्हती, त्यामुळे नाटक पन्नास सेकंद आधी संपलं आणि ऑर्गनवाल्याने तीच धून तीनदा वाजवून वेळ भरून काढली.

लाल दिवा विझताच प्रुइट धावत आत आले. "हा काय प्रकार होता, टॅकेट? तुरुंगाचा दरवाजा आपण होऊन उघडतो? उद्या मार्शल जमावाला कॉफीपण पाजेल!"

तेवढ्यात युलालियाबाई दारात आल्या. चेहरा पांढरा पडलेला, हातात बुधली. "मी तेल घातलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं... आजोबा ऐकणार, तर चांगला आवाज..." आणि त्या रडायलाच लागल्या.

ऑरव्हिल रागावला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई, नऊ वर्षांत याची विचारपूस करणाऱ्या तुम्ही पहिल्या. रडू नका."

"ठीक आहे, झालं ते झालं," प्रुइट म्हणाले. "साडेसातला जसं लिहिलंय तसं. कडी घट्ट लाव, तारेने बांध हवी तर. कडी, धडका, बंदूक, संपलं."

ऑरव्हिल माझ्याकडे वळला. त्याने पेचकस घेतला आणि माझ्यासमोर गुडघे टेकले. एक स्क्रू. दुसरा. तिसरा. चौथा गंजलेला होता, त्याला वेळ लागला. मग कडी 'ठण्ण' करून फरशीवर पडली. मित्रांनो, पायातला काटा निघाला की कसं वाटतं, आठवून पाहा.

"टॅकेट, हे काय करतोयस?"

"कडी काढली. आता तो प्रवेश जसा लिहिलाय तसा होणार नाही, मिस्टर प्रुइट."

"माझ्या परवानगीशिवाय?"

"नऊ वर्षांत मी काही मागितलं नाही. आज मागतो. मार्शल दरवाजा स्वतः उघडेल. तिकडे माझे बाबा ऐकत असतील. त्यांनी हे खरोखर केलंय."

प्रुइटांनी संहितेची शेवटची पानं चाळली. "आणि ते पन्नास सेकंद? ते कोण भरणार?"

"मी."

"तू? ध्वनीवाला माइकवर बोलत नाही. नियम आहे तो!"

"बोलणार नाही," ऑरव्हिल म्हणाला. "गाणार आहे."

ब्रँडव्होल्ड कोपऱ्यात घसा शेकत बसला होता. "प्रुइट," तो म्हणाला, "मगाशी माझी दातखीळ बसली होती. या माणसाने वाचवलं. त्याला गाऊ दे. आणि बेसूर गायला, तर माझ्या बंदुकीत अजून गोळी आहेच. खोटी, पण जवळून लागते."

प्रुइटांनी घड्याळ पाहिलं, छताकडे पाहिलं. "पन्नास सेकंद. एकावन्नावं गायलास तर सोमवारपासून तू या इमारतीत नाहीस."

आता खरी अडचण माझी होती. तेल पिऊन माझा आवाज गेला होता, आणि करकर नसेल तर सूर कुठून येणार? एल्डर ओळखणार कशावरून? त्यांना तर आता फक्त ऐकूच येत होतं. ऑरव्हिलने बिजागऱ्यांच्या खिळी उपसल्या. युलालियाबाईंनी ऊन पाणी आणि साबण आणला आणि ज्या हातांनी तेल घातलं होतं, त्याच हातांनी घासघासून काढलं. पण नुसतं धुऊन भागेना. मी मुकाच. साडेसातला वीस मिनिटं उरली होती.

"काहीतरी खरखरीत हवं," ऑरव्हिल म्हणाला. "पण वाळू नको, वाळूने दात खाल्ल्यासारखा आवाज येतो."

युलालियाबाई उठल्या आणि शेजारच्या दालनात वादकांचा सराव चालला होता तिथे थेट घुसल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, एक पिवळट खडा होता. व्हायोलिनच्या गजाला घासतात ती राळ! "वादक ओरडत होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुझी तार आज रडली नाही तर चालेल, आमचा दरवाजा रडायला हवा."

राळ कुटून खिळींना चोळली. ऑरव्हिलने मला हळूच हलवलं. आधी खाली, मग वर. किर्रर्र... किरीर्र! माझा आवाज परत आला होता, किंचित वरच्या पट्टीत, पण माझाच. ऑरव्हिलने माझ्या लाकडाला कपाळ टेकलं.

साडेसात. लाल दिवा. घोडे धावले, साक्षी झाल्या, गाव खवळलं. शेवटचा प्रवेश आला. जमाव गर्जत जवळ येतोय. ब्रँडव्होल्ड या वेळी गरजला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मला या दरवाजाची भीती वाटत नाही, आणि तुमचीही नाही. थांबा, मी उघडतो."

ऑरव्हिलने मला उघडलं. आयुष्यात हजारो वेळा मी करकरलो असेन, पण त्या संध्याकाळी मी माझ्या जिवाचं सगळं त्या दोन पायऱ्यांत ओतलं. खाली, मग वर. जमाव गप्प झाला. आणि ऑरव्हिलने माझ्या वरच्या पायरीवरून सूर उचलला, माइकपुढे गेला आणि गायला लागला:

"पळत आलास ना, ये आत, हाऽ!
पाठलाग करत आलास, तूही ये, हाऽ!"

आवाज काही तयारीचा नव्हता. थरथरत होता. पण त्यात धुळीची वर्षं होती, कापसाचे तंबू होते, आणि नऊ नाताळ मागच्या अंगणात जाऊन बसणारा बाप होता. युलालियाबाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्या दारात डुलायला लागल्या. एका नटाने खरोखरच टोपी काढली. रेडिओवर ती कुणाला दिसणार होती? "देवाच्या घराला कडी नाही, हाऽ!" म्हणून ऑरव्हिल थांबला तेव्हा घड्याळात सत्तर सेकंद झाले होते. काचेपलीकडे प्रुइट घड्याळाकडे पाठ करून उभे होते.

कार्यक्रम संपल्यावर कुणीही घरी गेलं नाही. सगळे भिंतीवरच्या टेलिफोनकडे न बघितल्यासारखं करत बसले. दहा मिनिटं गेली. पंधरा. मग घंटी वाजली. ऑरव्हिलने फोन कानाला लावला. पलीकडून व्हेल्मा इतक्या जोरात बोलत होती की खोलीभर ऐकू येत होतं.

"ऑरव्हिल! अरे, दरवाजा वाजला आणि बाबा ताडकन उठून बसले. म्हणाले, हा माझा! तू दुसऱ्या ओळीवर येईपर्यंत बाबांनी ती म्हटलीसुद्धा! शेवटपर्यंत तुझ्याबरोबर गात होते. थांब, ते... अहो बाबा, हळू, तार ओढू नका..."

मग तो आवाज. म्हातारा झालेला, पण तोच.

"ऑरव्हिल."

"हो, बाबा."

"सूर जरा वर लागला तुझा."

"हो, बाबा."

"बिजागरीत काय घातलंस?"

"राळ. व्हायोलिनची. इथल्या एकाने शोधून आणली."

"हं. तरीच. आमच्यात वाद्य चालत नाही, ठाऊक आहे ना?" मग हलकेच: "कडीचा आवाज आला नाही."

"काढली, बाबा."



"उद्या रविवार आहे," एल्डर म्हणाले. "जेवायला ये. व्हेल्मा मक्याची भाकरी करतेय. आणि त्या राळवाल्या माणसालाही घेऊन ये."

"ती बाई आहे, बाबा."

"मग तिला तर आधी आण."

मित्रांनो, त्यानंतर एल्डर दोन वर्षं जगले. एकदा ते स्टुडिओत आले, माझ्यावरून हात फिरवला आणि कडीच्या जागची चार भोकं बोटांनी चाचपली. "हे बुजवू नकोस," ते म्हणाले. "काय काढलं ते कळलं पाहिजे."

पुढे घराघरांत चित्रं दाखवणारी पेटी आली. त्या पेटीला खरे घोडे आणि खरे दरवाजे लागत. आमचा कार्यक्रम बंद झाला. सहा वर्षं मी तळघरात फाटक्या पडद्यांखाली पडून होतो. माझ्यावर बादल्या ठेवल्या, खुर्च्या रचल्या, एकदा तर रंगकाम करणाऱ्यांनी माझी फळी करून वर उभं राहून छत रंगवलं. जो एके काळी अख्खं गाव होता, त्याच्यावर ठिपके पडत होते. एके दिवशी सामान भंगारात निघालं. निवृत्त होऊनही दर आठवड्याला जुन्या सोबत्यांना भेटायला येणाऱ्या युलालियाबाईंनी मला ओळखलं, त्या ट्रकसमोर उभ्या राहिल्या आणि ऑरव्हिलला फोन केला. "तुमचा दरवाजा कुणीतरी पळवतंय, मिस्टर टॅकेट," त्या म्हणाल्या. "खेचरं नाहीत, पण या लवकर."

आज मी व्हेल्माच्या गावी, एका छोट्या प्रार्थनाघराला आहे. एल्डरनी मोटारीत बसून ज्याची स्वप्नं पाहिली होती, तेच हे. मला कडी नाही. चार भोकं आहेत. आणि आता माझ्या मागे खरीखुरी खोली आहे. दोन बाकांऐवजी बारा, आणि पाण्याची बादली तीच.

तुम्हाला एकच सांगायचंय. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल, किंवा एखादं जुनं माणूस, तर तिची काळजी जरूर घ्या. पण तेलाची बुधली घेऊन धावण्याआधी जरा तिच्याजवळ बसा आणि ऐका. जिला तुम्ही कुरकुर समजता, तिच्यावरूनच कुणीतरी आपला सूर उचलत असेल. आणि बाहेर कुणी धापा टाकत आलं, तर तो पळणारा की पाठलाग करणारा हे नंतर विचारा. आधी पाणी द्या.

माझ्या बिजागरीशेजारी युलालियाबाईंनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: "तेल घालू नये." रविवारी सगळे बसतात. ऑरव्हिल आता सत्तरीत आहे, तो पुढे उभा राहतो. कुणी गात नाही, कुणी बोलत नाही. शेवटचा माणूस रस्त्यावरून घाईघाईने येत असतो, टोपी सावरत, उशीर झाला म्हणून ओशाळत. त्याला वाटतं, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत.

नाही. ते माझ्यासाठी थांबलेले असतात. तो मला ढकलतो, आणि मी सूर देतो.